उशाखालचा टाक

१

दुपारी घोरत पडणाऱ्या माणसाला आपल्याकडे लोक ऐतखाऊ म्हणतात. पण त्या वर्षी लातुरात दुपारी झोपणारी बरीच माणसं रात्रभर राबलेली असत. धरणाच्या तळात पोरं क्रिकेट खेळत होती, शहराला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि तरीही टँकरवाल्यांना उसंत नव्हती. नरसिंग हा असाच एक टँकरवाला. रात्रभर विहिरीवरून खेपा मारायच्या, दिवस वर आला की घरी यायचं आणि तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायची. आंघोळ कसली, नैवेद्याभोवती पाणी फिरवतात तेवढीच. मग भाकरी खायची आणि आडवं व्हायचं.

तो आडवा झाला की त्याची बायको सरजा खिडकीवर गोणपाट टाकायची. एरवी ते गोणपाट भिजवून टाकतात, म्हणजे वारा गार येतो. त्या वर्षी ते कोरडंच लटकायचं आणि खोलीत फक्त अंधार करायचं. मग तीही त्याच्या शेजारी सतरंजीवर पडायची.

नरसिंगाचं घोरणं अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. शेजारची पार्वतीबाई म्हणायची, "सरजे, तुझ्या घरातली गिरन चालू झाली की मी कुकर लावते." सरजा हसायची. घोरण्याचं तिला काही वाटत नसे. घोरणं थांबलं, की मात्र ती कोपरावर उठून त्याच्या छातीकडे बघायची.

थांबायचं म्हणजे एकदमच थांबायचं. छाती हलायची, पोट आत ओढलं जायचं, पण वारा काही आत जायचा नाही. पंखा तेवढा करकरत राहायचा. आणि सरजा हात लावणार एवढ्यात नरसिंग हुंदका दिल्यासारखा श्वास ओढायचा आणि म्हणायचा, "हाव." मग पुन्हा गिरण सुरू.

लग्नाला वीस वर्षं उलटून गेली होती. एवढ्या वर्षांत ते "हाव" म्हणजे श्वासाचीच खरखर, असं धरून सरजानं सोडून दिलं होतं. त्या उन्हाळ्यात एका दुपारी लाइट गेली, पंखा थांबला, आणि तिला ते पहिल्यांदा नीट ऐकू आलं. चांगलं स्पष्ट "हाव", म्हणजे "हो" होतं. झोपेच्या गुंगीतल्या माणसाला कुणी काही विचारलं की तो जसं म्हणतो, अगदी तसं.

आता उत्तर म्हटलं की आधी प्रश्न आलाच. आणि घरात तर ती दोघंच होती. लेक लग्न होऊन मुदखेडला. सरजानं कोपऱ्याकोपऱ्यात पाहिलं, स्वतःलाच वेड्यात काढलं आणि पदराने वारा घेत बसून राहिली.

२

घोरण्यासाठी दवाखान्याची पायरी चढणारा माणूस आपल्या भागात दिवा लावून शोधावा लागेल. नरसिंगही गेला नसता. पण पाडव्यानंतर एके दिवशी, उजाडता उजाडता, मुरुडच्या रस्त्यावर त्याचा भरलेला टँकर रस्ता सोडून नाल्यात उतरला. नाला कोरडा होता म्हणून निभावलं. लोक घागरी घेऊन आधी पाण्याकडे धावले, आणि मग कुणीतरी केबिनमध्ये डोकावलं. नरसिंग स्टेअरिंगवर मान टाकून झोपला होता. तोंडाला दारूचा वास नाही, अंगावर ओरखडा नाही.

टँकरचा मालक चंद्रप्पा तोंडाचा फटकळ, पण मनाचा भला. "उदगीर नवा जिल्हा करा म्हनून बोंबलून राहिलेत समदे, आन हाय त्या जिल्ह्याला प्यायला पानी न्हाई," हे त्याचं रोजचं पालुपद. त्या दिवशी मात्र तो हळू आवाजात बोलला. "नरसिंगा, पानी सांडलं तर पुन्हा भरता येतंय. आधी डाक्टरला दाखव, मग गाडीवर बस."

अशी ती दोघं झोपेच्या तपासणीला गेली. ही तपासणी बहुतेकांची रात्री होते. नरसिंगाची झोपच दुपारची, म्हणून त्याला दुपारी बोलावलं. बंद खोली, गार हवा, पांढरी चादर. तपासणी करणारा रियाज म्हणून चाळिशीचा एक गोड बोलणारा माणूस होता. त्यानं नरसिंगाच्या डोक्याला, हनुवटीला, छातीला वायरी चिकटवल्या, बोटाला चिमटा लावला. नरसिंग म्हणाला, "आमच्या टँकरला बी एवढ्या वायरी न्हाईत." रियाज हसला आणि सरजाला म्हणाला, "भाभी, तुम्ही बाहेर बसा. आत कुणी थांबायचं नाही. मी काचेपलीकडे आहे."

सरजा दारापर्यंत गेली आणि परत फिरली. तो झोपलाय आणि आपण शेजारी नाही, असं लग्न झाल्यापासून कधी झालंच नव्हतं. थांबलं तर हात कोण लावणार?

तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर चांदीचा एक टाक होता. नखाएवढा पत्रा, त्यावर उठवलेली बाईची आकृती. सरजा बिजवराला दिलेली. अशा बाईनं नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा टाक गळ्यात वागवायचा, सणाला आधी तिला कुंकू लावायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं आणि मग नेसायचं, ही रीत. पहिलीचं नाव धुरपता. किल्लारीकडच्या भूकंपात गेली तेव्हा ती विशीचीसुद्धा नव्हती. सरजा आता पंचेचाळिशीला टेकली, तरी तिला आक्काच म्हणायची.

तिनं टाक गळ्यातून काढला. लग्नानंतर पहिल्यांदाच काढला. नरसिंगाच्या उशीखाली सारला आणि अर्धं हसत, अर्धं मनापासून म्हणाली, "आक्का, मला भाईर काडून राहिलेत. तुझ्या नवऱ्यापाशी तूच बस थोडा येळ."

मग ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि तपासणी संपेपर्यंत जागची हलली नाही.

३

आठवड्यानं डॉक्टर फरीदा यांनी दोघांना समोर बसवून निकाल सांगितला. कागदावरच्या रेघा डोंगरासारख्या चढत होत्या, आणि मधे मधे सपाट होत होत्या.

"ही सपाट रेघ म्हणजे श्वास नाही," डॉक्टर म्हणाल्या. "झोपेत तुमचा घसा सैल पडतो आणि मिटतो. तुम्ही टँकरवरचे. पाइपवर कुणाचा पाय पडला तर काय होतं?"

"पानी अडतं," नरसिंग म्हणाला. "मोटर नुसती बोंबलती."

"तसंच. छाती जोर लावते, हवा जात नाही. तासाला चाळीसच्या वर वेळा. रक्तातला ऑक्सिजन नव्वदच्या वर हवा, तुमचा सत्तरवर येतो. मग मेंदू घाबरून तुम्हाला क्षणभर जागं करतो, घसा उघडतो. तुम्हाला आठवतही नाही. म्हणजे बिछान्यात सहा तास पडून तुम्ही झोपलेलेच नसता. म्हणून गाडीवर झोप लागते. आणि हे असंच चाललं तर एके दिवशी गाडीवर नाही, बिछान्यातच हृदय दगा देईल."

उपाय त्यांनी एकेक करून सांगितले. वजन उतरवायचं, ते उतरवाच, पण त्याला महिने लागतील. उताणं झोपायचं नाही. दातांवर बसवायची एक पट्टी असते, ती हलक्या त्रासाला चालते, यांचा त्रास हलका नाही. ऑपरेशन करता येतं, पण यांच्या घशात कापण्यासारखं फार काही नाही आणि गुण येईलच याची खात्री नाही. उरलं ते मशीन. नाकावर मुखवटा लावायचा, मशीन हलकासा वारा सोडत राहतं, त्या दाबानं घसा मिटत नाही. झोपताना रोज लावायचं. चष्मा लावतो तसं.

"लाइट गेली तर?" सरजानं विचारलं. लातूरच्या बाईचा पहिला प्रश्न हाच असायचा.

"मुखवटा काढायचा, त्यांना कुशीवर वळवायचं. बस."

सरजा खुर्चीतून पुढे सरकली. "बाई, ते थांबल्यावर त्यांना उठवतं कोन?"

"कुणी नाही. त्यांचा स्वतःचाच मेंदू."

सरजाला हायसं वाटलं. शिकलेल्या बाईनं सांगितलं, यंत्रानं लिहून दिलं, आता मनात आणायचं काही उरलं नाही. नरसिंग मात्र त्या सपाट रेघांकडे बघत राहिला होता, ओळखीच्या माणसाचा फोटो बघावा तसा.

४

मशीन महिनाभर वापरून पाहायला मिळणार होतं. ते कसं चालवायचं हे सरजाला दाखवायला रियाज तिला बाजूच्या खोलीत घेऊन गेला. मुखवटा, नळी, आणि पाण्याची एक छोटी डबी. वारा कोरडा लागू नये म्हणून डबीत रोज स्वच्छ पाणी भरायचं. "मानसाला प्यायला न्हाई आन ह्याला रोज वाटीभर," सरजा म्हणाली, आणि दोघंही हसली.

मग रियाज जरा अवघडून म्हणाला, "भाभी, बुरा मानू नका. पुन्हा कधी तपासणी झाली तर आत बसू नका. मी त्या दिवशी चालवून घेतलं."

"मी कवा आत बसले?"

"उशापाशी बसला होता ना तुम्ही, डोक्यावरून पदर घेऊन. मी काचेवर टकटक केलं, पण तुमचं लक्षच नव्हतं. त्यांचा श्वास अडला की वाकून विचारायचा, 'जागे हाय का?' ते 'हाव' म्हणायचे. दर वेळी. इतका जीव लावणारं माणूस, उठवून बाहेर काढायला माझं मन होईना."

सरजाच्या हातातली नळी खाली पडली. "रियाजभाई, मी भाईर होते."

रियाज समजुतीनं हसला. बाईमाणूस कबूल करायला लाजतंय, असंच त्याला वाटलं. "असू दे भाभी. मी डॉक्टरांना सांगितलं नाही. आणि तुमच्या केसांत पांढरी माती भरली होती, त्याबद्दल तर मी कुणालाच बोललो नाही. आमच्या घरी तरी डोक्यावरून पाणी घ्यायला कुठं मिळतंय?"

बाहेर येऊन सरजा त्याच बाकावर बसली. झाडलोट करणारी कुणी असेल. नर्स असेल. काचेत बाहेरच्या माणसाची सावली पडते, तीही असेल. पण नर्स डोक्यावर पदर घेत नाही, आणि झाडलोट करणारी दर वेळी वाकून जागे आहात का विचारणार नाही. तिचा हात गळ्याकडे गेला. त्या दिवशी उशीखालून टाक काढला तेव्हा त्याच्या खाचांत पांढरी भुकटी बसलेली होती. वायरी चिकटवतात त्या मलमाची असेल, असं म्हणून तिनं ती पदराला पुसली होती.

मलम ओलं होतं. हे तिला आत्ता आठवलं.

५

धुरपताबद्दल नरसिंग कधी बोलत नसे आणि सरजा कधी विचारत नसे. दोघांच्या संसारात तेवढी एक खोली कुलूपबंद होती. त्या दिवशी जेवण झाल्यावर सरजानं ती उघडली. रियाज काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "कोन हाय ती?"

नरसिंगाच्या हातातला अडकित्ता सुपारीवरच थांबला.

"गनपती बुडवून आलो होतो," तो म्हणाला. "नाचून नाचून दमलेलो. मेल्यावानी झोप लागली. जाग आली तवा तोंडावर माती आन छातीवर तुळई. दगड-मातीचं घर, वर पांढऱ्या मातीचं धाबं, समदं आंगावर आलेलं. हात हलंना. वाटलं, बरं झालं, झोपावं आता. तर आंधारातनं तिचा आवाज आला. 'जागे हाय का?' मी म्हनलं, हाव. 'झोपू नका,' म्हनली. मला गुंगी आली की पुन्हा. 'जागे हाय का?' हाव. आसं लई येळ. उजेड दिसला, मिलिट्रीची मानसं आली, मला वढून काडलं. मी म्हनलं, तिला काडा, ती बोलून राहिली हाय."

तो थांबला. सरजाला ते थांबणं सोसेना. "मग?"

"काडली. भिंत छातीवर होती, तोंडात माती गच्च. डाक्टर म्हनला, ही पयल्या हिसक्यालाच गेली. हिला बोलायला येळच मिळाला न्हाई." नरसिंगानं सुपारी खाली ठेवली. "तवाधरनं कुनाला सांगितलं न्हाई. काय सांगू? झोपलो की मी तिथंच आसतो, सरजे. माती नाकात जाती, वारा बंद होतो, आन ती इचारती."

खरं म्हणजे सरजाला आधी भीती वाटायला हवी होती. पण आला तो राग. वीस वर्षं दुपारची झोप घेतली नाही तिनं. वीस वर्षं त्याच्या छातीवर डोळा ठेवून पडली, आणि तो त्या सगळ्या दुपारी दुसरीलाच हुंकार देत होता.

"मशीन लावा," ती म्हणाली.

"न्हाई लावनार."

"कामून?"

"मशीन लावलं तर मी थांबनार न्हाई. थांबलो न्हाई तर ती इचारनार न्हाई. जिनं जितं ठिवलं तिला मी दार लावून घिऊ?"

"आन एक दिस तिनं इचारलं आन तुमी हाव म्हनलाच न्हाई, तर? डाक्टरीनबाई काय म्हनल्या ते आईकलं ना? ती तर गेली. मागं मी ऱ्हाईन, मी!" सरजाचा आवाज फुटला. "तुमची छाती हलायची वाट बघत मी आनखी वीस वर्सं पडून ऱ्हाईन. पन ती हलली न्हाई तर मी काय करू, ते सांगा."

नरसिंगानं मान खाली घातली. सरजाला रडताना त्यानं फार कमी वेळा पाहिलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी सरजा टाक घासायला बसली. पाणी नव्हतं म्हणून चुलीची राख घेतली आणि कोरड्या फडक्यानं घासू लागली. खाचांतली पांढरी माती काही केल्या निघेना. काढली की पुन्हा दिसायची. आक्काचे नाकडोळे झिजून गेले होते, नुसता गोल चेहरा उरला होता, पोरीचा.

तो चेहरा पाहिला आणि सरजाचा राग कुठल्या कुठं गेला. एवढीशी पोर. आपल्या लेकीपेक्षाही लहान. नवऱ्यानं झोपू नये म्हणून मातीत पडून बोलत राहिली, आणि अजून बोलतेच आहे.

"आक्का," सरजा म्हणाली, "तू यांना तिथनं जितं काडलंस, म्हनून माजं लगीन झालं. म्हनून माजी लेक झाली. तुजे उपकार ह्या जल्मात फिटायचे न्हाईत. पन तू एकलीनं किती जागायचं? मी बी दमले, तू बी दमलीस. आता मशीन आलंय, ते जागंल. तू जरा टेक." आणि माणूस निरोप देताना तोंडदेखलं का होईना बोलतोच, तसं ती पुढं बोलून गेली, "कुटं टेकायला जागा न्हाई घावली, तर माज्यापाशी टेक."

नरसिंग दारात उभा राहून ऐकत होता, हे तिला नंतर कळलं. तो तसाच बाहेर निघून गेला. दुपारी आला, सतरंजीवर बसला आणि म्हणाला, "दे ते थोबाडावर लावायचं."

७

पहिल्या दुपारी सरजा सवयीनं कान देऊन पडली. मशीनचा बारीक फुसफुसाट, त्याच्याबरोबर नरसिंगाचा श्वास. आत, बाहेर. आत, बाहेर. कुठं अडणं नाही, हुंदका नाही, "हाव" नाही. खोली कधी इतकी रिकामी वाटली नव्हती. ती थांबण्याची वाट बघत राहिली, आणि वाट बघता बघता तिचाच डोळा लागला. जाग आली तेव्हा पार्वतीबाई दार वाजवत होती. "सरजे, गिरन बंद पडली का काय? मला वाटलं तुमी गावाला गेलाव."

पंधरा दिवसांत नरसिंगाचा चेहरा उजळला. डोकं दुखायचं थांबलं. बसल्या जागी पेंगायचं थांबलं. चंद्रप्पानं त्याला आधी विहिरीवर टँकर भरायला ठेवलं होतं, तिथं तो रात्रभर टक्क जागा राहायचा. "औंदा पाऊस येवो न येवो, नरसिंग जागा झाला," चंद्रप्पा सगळ्यांना सांगत सुटला. सरजाही दुपारी मेल्यासारखी झोपू लागली. वीस वर्षांची उधारी होती, एकदम वसूल होत होती.

अशाच एका दुपारी लाइट गेली.

पंखा थांबलेला सरजाला कळलं नाही. मशीन बंद पडलेलं कळलं नाही. ती खूप खोल होती, आणि तिथं अंधार होता, आणि छातीवर काहीतरी जड होतं. वाईट वाटत नव्हतं. उलट वाटत होतं, असंच पडून राहावं. मग अगदी कानाशी, कोवळ्या आवाजात कुणीतरी विचारलं,

"जागी हायस का?"

"हाव," सरजा म्हणाली.

म्हणाली आणि डोळे उघडले. खोलीत चिडीचूप. शेजारी नरसिंग उताणा, नाकावर मुखवटा, पोट आत ओढलेलं, ओठ निळे पडू लागलेले. तिनं मुखवटा ओढून काढला, खांद्याला धरून त्याला कुशीवर लोटला, पाठीवर धपाटे घातले. "उटा! आवो, उटा!" नरसिंगानं घोगरा, लांबलचक श्वास ओढला. मग दुसरा. मग खोकत खोकत उठून बसला.

"काय झालं? वरडून ऱ्हायलीस कामून?"

"लाइट गेली," सरजा म्हणाली.

तिनं मागं पाहिलं. आपल्या उशीवर आपल्या डोक्याचा खळगा असणार, तो होता. त्याला लागून, भिंतीकडच्या बाजूला, दुसरा एक खळगा होता, लहानसा. ती बघत असतानाच उशीचा कापूस हळूहळू वर आला आणि खळगा भरून निघाला.

८

महिना झाल्यावर डॉक्टर फरीदांनी मशीनमधली नोंद पाहिली आणि खूश झाल्या. लाइट जाईल तेव्हासाठी बॅटरी जोडून घ्या म्हणाल्या, चंद्रप्पानं टँकरचीच जुनी बॅटरी दिली. नरसिंगाला गाडी परत मिळाली, तीही दिवसपाळीची. आता तो रात्री झोपे आणि सुट्टीच्या दुपारी नुसता लोळे. सरजाची दुपारची झोप मात्र तशीच राहिली. वीस वर्षांची उधारी, ती काय एका महिन्यात फिटते?

रियाज तिला एकदा बाजारात भेटला. "भाभी, आता तुम्ही निवांत," म्हणाला. ती हो म्हणाली. तिला खरोखरच निवांत वाटत होतं. उशीवर जे पाहिलं ते झोपेतलं, जे ऐकलं ते मनातलं. जीव घाबरला की मेंदूच उठवतो, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. रोज उशीचा अभ्रा झटकताना थोडी पांढरी माती पडायची. पण दुष्काळात धूळ कुणाच्या घरात नाही?

एका रविवारी ती जागी झाली तेव्हा नरसिंग तिच्या उशापाशी मांडी घालून बसला होता. बराच वेळ बसलेला असावा. चहाचा कप शेजारी तसाच निवला होता, वर साय धरलेली.

"काय बगून ऱ्हायलाव?"

"सरजे," तो म्हणाला, "तू बी थांबतीस आता."

"काय?"

"झोपेत. वारा बंद होतो तुजा. म्या पयल्यांदा बगितलं तवा माज्या काळजाचं पानी झालं. हलवनारच होतो तुला." त्यानं निवलेला कप बाजूला सारला. "तर त्याच्या आदीच तू हाव म्हनलीस."

सरजा खिडकीकडे बघू लागली. गोणपाटाच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती. तिच्यात धूळ तरंगत होती.

"मला आईकू येत न्हाई आता," नरसिंग म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं की सुटका, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "बरी हाय का ती?"

सरजानं आठवायचा प्रयत्न केला. तो आवाज, कानाशी, लेकीसारखा. "दमलीय," ती म्हणाली. "पन बरी हाय."

"डाक्टरीनबाईंकडं जाऊ. तुजी बी तपासनी करू. तुला बी मशीन घिऊ."

"आन तिनं कुटं जायचं मग? मीच म्हनले तिला, माज्यापाशी टेक म्हनून."

नरसिंगानं तिच्या कपाळावरचा पदर मागं सारला. मग वाकून, वीस वर्षांत कधी फिरवला नव्हता इतक्या हळू, तिच्या केसांवरून हात फिरवला. हात वर घेतला, तळवा पाहिला, आणि तिला दिसू नये म्हणून बनियनला पुसला. पांढरा पट्टा उठला.

"येवडंच कर," तो म्हणाला. "किती बी झोप आली, किती बी जड वाटलं, तरी तिनं इचारलं की हाव म्हनायचं. न चुकता. इसरायचं न्हाई, सरजे."

"न्हाई इसरनार," सरजा म्हणाली. ती उशीवर थोडी अलीकडे सरकली, भिंतीकडची जागा मोकळी केली, आणि डोळे मिटले.